अळीचे गणित, पगाराचा हिशेब

ओल्या कचऱ्यावर अळ्या वाढवा आणि घरबसल्या कमवा, असे सांगणाऱ्या चित्रफिती मोबाइलवर सहज सापडतात. पंधरा-वीस हजारांवर नोकरी करणाऱ्या तरुणांना त्यांची भुरळ पडली, तर नवल नाही. खोलीभाडे, गाडीचा हप्ता आणि गावी पाठवायचे पैसे वजा जाता हाती फारसे उरत नाही. जोडधंदा हवाच असतो. मात्र त्यासाठी साठवलेली पुंजी मोडण्यापूर्वी या अळीचे विज्ञान समजून घेतलेले बरे.

ही अळी ‘ब्लॅक सोल्जर फ्लाय’ या माशीची. मूळची अमेरिका खंडातली ही माशी आता जगभर पसरली आहे. ती चावत नाही आणि घरमाशीसारखी अन्नावर घोंगावतही नाही. मादी एका वेळी सुमारे पाचशे अंडी घालते. अळी दोनेक आठवडे अधाशासारखी खाते आणि मग कोषात जाते. खाल्लेला भाजीपाला, फळांच्या साली, शिळे अन्न यांचे ती प्रथिने आणि चरबीत रूपांतर करते. वाळवलेली अळी मासे व कोंबड्यांचे खाद्य म्हणून चालते आणि मागे उरलेला चोथा खत म्हणून वापरता येतो. युरोपीय महासंघाने अशा प्रथिनांना २०१७ मध्ये मत्स्यखाद्यात आणि २०२१ मध्ये कोंबड्या व डुकरांच्या खाद्यात परवानगी दिली. तेव्हा विज्ञान पक्के आहे. प्रश्न आहे तो हिशेबाचा.

रोज १०० किलो ओला कचरा मिळाला, असे धरू. सारे काही जमून आले, तर त्यातून सुमारे २० किलो ताज्या अळ्या मिळतात. त्यातले बहुतेक पाणीच. वाळवल्यावर सहा-सात किलो उरतात. किलोला शंभर रुपये भाव धरला, तरी दिवसाचे सहा-सातशे रुपये झाले. त्यातून कचरा आणण्याचे भाडे, जागा, वीज आणि मजुरी वजा करा. त्यात या माशांना मीलनासाठी लख्ख ऊन लागते. पावसाळ्यात आभाळ भरले, की अंडी घटतात. नाहीतर कृत्रिम प्रकाशावर खर्च करावा लागतो. म्हणजे केवळ अळ्या विकून संसार चालणे कठीण. हा व्यवसाय मुळात कचरा जिरवण्याचा आहे. गृहसंकुल, हॉटेल किंवा मंडई कचरा उचलून नेण्याचे पैसे देत असेल, तरच गणित जुळते. २०१६ च्या घनकचरा नियमांनी मोठ्या प्रमाणात कचरा करणाऱ्यांवर वर्गीकरणाची आणि प्रक्रियेची जबाबदारी टाकली. ती कागदावरच राहते, तिथे अशा तरुणांची कमाईही कागदावरच राहते.

आरोग्याचा मुद्दाही आहेच. कचऱ्यात बॅटरी, रंग, रसायने मिसळली, तर कॅडमियमसारखे जड धातू अळीत साठतात आणि खाद्यातून पुढे सरकतात. युरोपात अशा कीटकांना हॉटेलचे खरकटे घालण्यास मनाई आहे. काम करणाऱ्याने हातमोजे आणि मास्क वापरलाच पाहिजे. कोळंबीची ॲलर्जी असणाऱ्यांना अळ्यांच्या भुकटीचाही त्रास होऊ शकतो.

सर्वात मोठा धोका मात्र अळीत नाही, आश्वासनात आहे. ‘आमच्याकडून अंडी आणि साहित्य घ्या, माल आम्हीच परत विकत घेऊ’ ही भाषा आपल्या ओळखीची आहे. २०१२ मध्ये तमिळनाडूत इमूपालनाने आणि २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूर भागात कडकनाथ कोंबड्यांच्या योजनेने याच भाषेत हजारोंना बुडवले. माल कोणाला, कशासाठी विकला जातो, हे सांगता न येणारा विक्रेता खरे तर नव्या गुंतवणूकदारालाच माल विकत असतो. मोठ्या भांडवलानेही इथे यशाची हमी मिळत नाही. फ्रान्समधील ‘इन्सेक्ट’ या मातब्बर कीटकपालन कंपनीला कोट्यवधी युरो उभारूनही २०२४ मध्ये न्यायालयाचे संरक्षण मागावे लागले.

म्हणून क्रम महत्त्वाचा. आधी तीन ते सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला ठेवावा. भविष्य निर्वाह निधीवर २०२४-२५ साठी ८.२५ टक्के व्याज मिळाले. तो मोडून किंवा त्याहून चढ्या व्याजाचे वैयक्तिक कर्ज काढून धंदा सुरू करणे म्हणजे हातचे सोडून पळत्यापाठी लागणे. एक-दोन टबांपासून सुरुवात करावी आणि किमान एक पावसाळा पाहावा. कचरा देणारा आणि माल घेणारा, दोघेही लेखी बांधील असतील, तरच हात मोकळा सोडावा. नगरपालिकांनीही प्रक्रियेचा मोबदला ठरवून तो वेळेवर द्यावा. शहराची घाण जिरवणाऱ्या तरुणाने त्याची किंमत स्वतःच्या बचतीतून का मोजावी? अळी दोन आठवड्यांत तयार होते. पुंजी साठायला मात्र वर्षे लागतात.