कठडा कुठला घ्यायचा?

चतुर्थीला वेंगुर्ल्याहून मामा पेडण्याला आले आणि माझ्या टेबलावरचे अर्धवट जहाज पाहून थबकले. एअरफिक्स या ब्रिटिश कंपनीचा 'एजॅक्स' क्रूझरचा प्लॅस्टिकचा संच घेऊन मी त्यातून 'आयएनएस दिल्ली' जोडत होतो. दोन्ही जहाजे एकाच वर्गातली. दिल्लीचे मूळ नाव 'अकिलीझ'. १९४८ साली ते भारताकडे आले. डिसेंबर १९६१ मध्ये गोव्याबरोबर दीवही मुक्त झाले, तेव्हा दीवच्या समुद्रात हेच जहाज होते. मामांनी त्यावर १९७२ पासून, १९७८ साली ते सेवेतून जाईपर्यंत, खलाशी म्हणून नोकरी केली.

मामांनी डोळे बारीक केले. "ह्या इमान उडवूचा यंत्र आमच्या दिल्लीवर खय होता रे?"

बरे झाले, त्याच आठवड्यात मी एजॅक्ससाठीचा पूर्ण पितळी संच मागवणार होतो! संचातला निम्मा माल त्या यंत्राचाच. शिवाय १९४३ साली ग्वाडलकनालजवळ जपानी बॉम्बने अकिलीझचा मागच्या बाजूचा एक तोफ-मनोरा निकामी झाला नि पुढे तो काढून टाकला गेला. दिल्लीवर म्हणून तीनच मनोरे, एजॅक्सवर चार. संचावर कुठल्या जहाजाचे नाव छापले आहे, यापेक्षा आपण कुठल्या सालचे जहाज करतो हे आधी ठरवावे लागते. एवढे साधे मला सुचले नव्हते.

ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. अतिपातळ पितळी पत्र्यावर प्रकाशाने नक्षी उमटवतात आणि नको तो भाग रसायनात विरघळवतात. उरते ती जाळी: कठडे, शिड्या, रडार. याची गरज का? माझे मॉडेल १:६०० प्रमाणाचे. १६९ मीटरचे जहाज २८ सेंटिमीटरमध्ये बसवायचे. प्लॅस्टिकचा कठडा अर्ध्या मिलिमीटरचा केला, तरी खऱ्या जहाजावर तो ३० सेंटिमीटर जाड होईल, म्हणजे माडाचे खोडच! पितळी पत्रा साधारण एक दशांश मिलिमीटरचा. हिशेबाने तोही मनगटाएवढा होतो, पण डोळा तेवढे माफ करतो.

शेवटी मी फक्त कठड्यांचा पत्रा घ्यायचे ठरवले. त्यातही दोन प्रकार. एकाला खाली सलग पट्टी असते. ती चिकटवायला सोपी, पण डेकच्या कडेला उंबरठा घातल्यासारखी दिसते. दुसऱ्यात प्रत्येक खांब सुटा टेकतो. दिसायला हाच खरा, पण एक वाकला की सगळी रांग बिघडते. माझे हात पाहता मी पट्टीवाला घेणार होतो. मामांनी पिशवीतून एक जुना फोटो काढला. डेकवर विशीतले मामा, हात कठड्यावर. खाली उंबरठा नव्हता. मी तारा मोजल्या; तीन.

"रात्री दर्या खवळलो काय ह्याच धरून चलाचा," मामा म्हणाले. पुढे काही बोलले नाहीत. मीही विचारले नाही.

सुट्या खांबांचा, तीन तारांचा पत्रा आला. पहिली रांग वळवताना तुटली. डिचोलीत समया घडवणाऱ्या एका कारागिराला सहज दाखवली, तर तो हसला. पितळ आधी तापवायचे, मग मऊ पडते, मग वळवायचे. त्यांच्या घरी हे लहान पोरालाही ठाऊक. मेणबत्तीच्या ज्योतीवरून पत्रा अलगद फिरवला आणि दुसरी रांग नाळेच्या गोलाईवर व्यवस्थित बसली. ज्योतीत क्षणभर जास्त धरला तर मात्र वितळून जातो, हेही एक रांग घालवून शिकलो.

मामांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. परवा आले तेव्हा त्यांना कठडा दिसला नाही. त्यांनी करंगळीचे नख डेकच्या कडेवरून हळूहळू फिरवले आणि डाव्या बाजूला, मागच्या मनोऱ्यापाशी थांबले. "हय नाय लावलंस."

तिथली रांग अजून पत्र्यावरच आहे. ऑपरेशन पुढच्या महिन्यात आहे.