विरजण लागत नाही तेव्हा

परवा रक्तदाब तपासायला आलेल्या एक काकू जाता जाता म्हणाल्या, "डॉक्टर, चार दिवस झाले, दही लागतच नाही. सासूबाईंच्या हातचं विरजण आहे हो. कुणाची दृष्ट लागली की काय!" दूध कुठले, असे मी विचारले. रतीब जुनाच, घरच्या म्हशींचा. "म्हशीला काही झालंय का, गवळ्याला विचारा," एवढेच सांगितले. दुसऱ्या दिवशी निरोप आला. म्हशीला दगडी झाली होती, म्हणजे कासेला सूज. इंजेक्शने चालू होती आणि दूधही चालू होते!

विरजण ही जिवंत वस्तू आहे. दह्यातला जिवाणू १९०५ साली स्तामेन ग्रिगोरोव्ह या बल्गेरियन डॉक्टरने जिनिव्हात ओळखला. तो कालच्या दह्यातून आजच्या दुधात जातो, म्हणून एकच विरजण वर्षानुवर्षे चालते. युरोपात पावासाठी आंबवलेले पीठ रोज थोडे नवे पीठ घालून असेच जपतात. म्हशीला दिलेले पेनिसिलीनसारखे औषध काही दिवस दुधात उतरते. ते थोडे असले तरी या जिवाणूंना सोसत नाही. दूध उकळून ते जाईल असे समजू नका. ज्यांना पेनिसिलीनचे वावडे आहे त्यांना अशा दुधाने अंगावर गांधी उठू शकतात. शिवाय रोगजंतूंना औषधाची सवय लागते ती वेगळीच.

मात्र लगेच गवळ्यावर घसरू नका. आधी आपले हात तपासा. कढत दुधात विरजण घातले तर ते मरते. करंगळी बुडवून सुखाने ठेवता येईल इतकेच कोमट दूध हवे. अर्ध्या लिटरला चमचाभर विरजण पुरते. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत चार-पाच तासांत दही तयार होते. मग ते फ्रिजमध्ये किंवा थंड जागी ठेवावे, नाहीतर दुपारपर्यंत आंबट ढोण! गड्ड्याच्या यात्रेच्या थंडीत मात्र भांडे पिठाच्या डब्यात किंवा सोलापुरी चादरीत गुंडाळून ठेवावे लागते. विरजण रोज बदलावे, आठवडाभर पडलेले वापरू नये. गुलाबी छटा, बुरशी किंवा कडवट वास आला तर वाटीसकट दही फेकून द्या. मिरचीच्या देठांनीही दही लागते, पण देठावर कोणते जंतू असतील याचा भरवसा नाही. त्यापेक्षा शेजारचे चमचाभर विरजण बरे.

एवढे करूनही दही लागत नसेल तर दोन वाट्या घ्या. एकीत रतिबाचे दूध, दुसरीत पिशवीचे. दोन्ही उकळून कोमट करा, विरजण एकच, जागा एकच. पिशवीचे लागले आणि रतिबाचे लागले नाही, तर गवळ्याला विचारायला जागा आहे. दूध नासू नये म्हणून कोणी सोडा घातला असला तरी असेच होते. उलट, दही लागले म्हणून दूध निर्दोष असे मात्र म्हणता येत नाही. अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१८ मध्ये देशभर तपासलेल्या ६,४३२ नमुन्यांपैकी ७७ नमुन्यांत प्रतिजैविके मर्यादेपेक्षा जास्त निघाली. प्रमाण थोडे, पण आपल्या घरी रतीब एकाच गोठ्याचा असतो.

आता गवळ्याची बाजू. औषध चालू असताना किती दिवस दूध विकू नये हे वेष्टनावर छापलेले असते. नसेल तर दुधासाठी किमान ७ दिवस, असा २०१२ पासून नियमच आहे. काकूंच्या गवळ्याला तो ठाऊक होता. तो म्हणाला, "आठ दिवस दूध ओतून देऊ, पण गिऱ्हाईक पिशवीकडे गेलं तर परत येतंय का?" मला त्याचे खोटे वाटले नाही. माझे मत असे, की ज्या गवळ्याने खरे सांगून आठवडाभर दूध बंद ठेवले, त्याचा रतीब तोडू नये आणि त्या दिवसांचे निदान निम्मे पैसे द्यावेत. काकूंच्या यजमानांना हे पटले नाही. काकूंना पटले, आणि घरात दुधाचा हिशेब त्याच ठेवतात.

आठवड्यानंतर रतीब पुन्हा सुरू झाला. जुने विरजण तोवर गेले होते. शेजारीण दिवेलागणीला विरजण देईना, म्हणून काकूंना दुसऱ्या दिवशी सकाळी वाटी घेऊन जावे लागले.