शेगावचा पिनकोड मूळ आहे का?

दिवाळीला घरी, शेगावला गेलो होतो. ताई खामगावहून आलेली. आठवीतला भाचा मूळ संख्यांची वही घेऊन बसला होता. गंमत म्हणून त्याला शेगावचा पिनकोड दिला, ४४४२०३. पठ्ठ्याने २, ३, ५, ७, ११ ने भागून पाहिलं आणि जाहीर केलं, "मूळ हाये, मामा!"

आपणही असंच करतो ना? पाच टेस्ट केसेस पास झाल्या, की द्या कोड सोडून :-)

म्हटलं, थांबू नको. वर्गमूळ ६६६ च्या थोडं पुढे आहे, तिथपर्यंतच्या सगळ्या मूळ संख्या बघाव्या लागतील. कचोरी थंड झाली, पण गडी हटला नाही. आणि तिसाव्या मूळ संख्येला, म्हणजे ११३ ला, बाकी शून्य! ४४४२०३ = ११३ × ३९३१. हे दोन्ही अवयव मूळ. त्याचा चेहरा बघण्यासारखा होता.

मग मी जोरात आलो. २०२४ मध्ये सापडलेली राक्षसी मूळ संख्या सांगितली: २ चा १३,६२,७९,८४१ वा घात वजा १. एकूण ४,१०,२४,३२० अंक. सेकंदाला एक अंक लिहिला तरी न झोपता ४७४ दिवस. बायनरीत मात्र नुसते १ च १. अशी संख्या मूळ यायला घात मूळ असावा लागतो, पण तेवढं पुरत नाही. ११ मूळ आहे, तरी २ चा ११ वा घात वजा १ म्हणजे २०४७ = २३ × ८९.

"मंग याचा उपेग काय, मामा?"

"बँकेची सिक्युरिटी," मी ठोकून दिलं.

परतीच्या महाराष्ट्र एक्सप्रेसमध्ये ते उत्तर टोचत राहिलं. कारण ते खोटं होतं. आरएसए नावाचं कुलूप ११३ × ३९३१ च्या गमतीवरच चालतं: गुणायला एक ओळ, फोडायला तीस भागाकार. पण त्यातल्या मूळ संख्या साधारण तीनशे अंकी असतात, आणि गुप्त असतात. जगजाहीर चार कोटी अंकी संख्या कुलपाला काय कामाची?

२००२ मध्ये आयआयटी कानपूरच्या अग्रवाल, कयाल आणि सक्सेना यांनी संख्या मूळ आहे की नाही हे खात्रीने आणि झटपट ठरवता येतं, हे सिद्ध केलं. प्रत्यक्ष वापरात त्याहून वेगवान पद्धती आहेत. तरीही २००६ मध्ये त्यांना गोडेल पारितोषिक मिळालं.

बारावीनंतर मला गणितच घ्यायचं होतं. "पुढे उपयोग काय?" याला उत्तर नव्हतं, म्हणून इंजिनिअर झालो. तक्रार नाही, पगार बरा आहे. पण तोच प्रश्न भाच्याने विचारल्यावर मी बँकेमागे लपलो, हे काही बरं नाही. माझं मत सरळ आहे: पोरांना खोटा उपयोग सांगू नये. "उपयोग माहीत नाही, पण खरं आहे आणि सिद्ध करता येतं" एवढं उत्तर पुरायला हवं.

काल फोन करून त्याला हे सगळं सांगितलं. तो म्हणाला, "थे जाऊ द्या, मामा. आमच्या खामगावचा ४४४३०३ तर ३ नेच गेला. आता अकोल्याचा पाहून राहिलो."