पहिल्या नमुन्याचे दोष आणि भांडवलाची घाई

कोणत्याही नव्या यंत्राचा पहिला नमुना बिघडतोच. किंबहुना तो बिघडावा म्हणूनच बांधलेला असतो. आराखड्यात न दिसलेले दोष वजनाखाली, उष्णतेत आणि रस्त्यावर उघडे पडावेत, ते गिऱ्हाइकाच्या दारी जाण्यापूर्वी कारखान्यातच सापडावेत, हे त्याचे प्रयोजन. परंतु तोच नमुना दाखवून लोकांकडून पैसा गोळा करायचा ठरले की दोष शोधण्याऐवजी झाकण्याची बुद्धी होते. अमेरिकेतील टकर मोटारीची कथा या दृष्टीने पुन्हा तपासण्याजोगी आहे.

दुसरे महायुद्ध संपल्यावर प्रेस्टन टकर या उद्योजकाने बी-२९ विमानांची एंजिने बनविणारा शिकागोतील प्रचंड कारखाना सरकारकडून भाड्याने घेतला. ठरावीक मुदतीत दीड कोटी डॉलरचे भांडवल उभारण्याची अट करारात होती. भांडवल हवे तर मोटार दाखवायला हवी, आणि मोटार तर अजून व्हायची होती. अशा ओढाताणीत १९ जून १९४७ रोजी हजारो लोकांसमोर तिचे अनावरण झाले. आदल्या रात्री सस्पेन्शनचे दोन आर्म मोडले होते. ९.६५ लिटरचे अजस्र एंजिन एकदा बंद पडले तर पुन्हा सुरू होईल याची खात्री नव्हती, म्हणून ते चालूच ठेवले गेले. आणि त्याचा खडखडाट ऐकू जाऊ नये यासाठी बँडवाल्यांना मोठ्याने वाजविण्यास सांगण्यात आले! मोटार मंचावर आली तेव्हा रेडिएटरचे पाणी उकळून वाफ बाहेर पडत होती.

हे दोष एखादा सुटा भाग बदलून जाणारे नव्हते. एंजिनाचे व्हॉल्व्ह कॅमशाफ्टऐवजी तेलाच्या दाबाने उघडण्याची योजना होती, आणि एंजिन सुरू करण्यास बाहेरून वीज पुरवावी लागे. मागच्या प्रत्येक चाकाला थेट टॉर्क कन्व्हर्टर जोडल्यामुळे गिअरबॉक्स वाचला खरा, पण त्याबरोबर रिव्हर्स गिअरही गेला. म्हणजे बिघाड कारागिरीत नव्हता, कल्पनेतच होता. असे निदान स्वीकारणे अवघड असते, कारण त्या कल्पनेवर पैसा आणि प्रतिष्ठा दोन्ही खर्ची पडलेली असतात. झालेला खर्च पुढील निर्णयात धरू नये, हा अर्थशास्त्राचा प्राथमिक धडा मोठमोठ्या कंपन्यांनाही पचत नाही. टकरच्या तंत्रज्ञांनी तो पचविला. मूळ एंजिन त्यांनी सरळ टाकून दिले. हेलिकॉप्टरसाठी बनविलेले सहा सिलिंडरांचे फ्रँकलिन एंजिन घेतले आणि हवेने थंड होणाऱ्या त्या एंजिनाला पाण्याने थंड करण्याची व्यवस्था बसविली. त्याची शक्ती १६६ अश्वशक्ती होती. दहा वर्षांपूर्वी बंद पडलेल्या कॉर्ड मोटारींचे गिअरबॉक्स भंगारातून शोधून आणले, आणि मोटार मागेही जाऊ लागली. १९४८ साली इंडियानापोलिसच्या शर्यतमार्गावरील चाचणीत एक गाडी भर वेगात उलटली. चालक मात्र किरकोळ जखमांवर निभावला. पहिल्या नमुन्याखेरीज अशा ५० गाड्या तयार झाल्या.

तोवर बाजारातील गणित बिघडले होते. पाच डॉलरप्रमाणे ४० लाख शेअर विक्रीस काढले होते, विक्रेत्यांकडून एजन्सीचे पैसे घेतले होते. एवढे पुरेना म्हणून गिऱ्हाइकांना रेडिओ आणि सीटकव्हरे आगाऊ विकून मोटारीच्या रांगेत जागा देण्याची युक्ती काढण्यात आली. मोटार नाही, पण तिचे सीटकव्हर घरात! शेअरबाजारावर देखरेख करणाऱ्या आयोगाने चौकशी आरंभली, कारखाना बंद पडला. ‘मागे न जाणारी मोटार’ ही पहिल्या नमुन्याची ख्याती दोष दुरुस्त झाल्यावरही चिकटून राहिली. २२ जानेवारी १९५० रोजी टकर आणि त्याचे सहकारी सर्व आरोपांतून निर्दोष सुटले, परंतु चालविण्यास कंपनीच उरली नव्हती.

टकरला हुतात्मा ठरविण्याचा मोह पुष्कळांना होतो. तो आवरला पाहिजे. त्याचे यंत्र अप्रामाणिक नव्हते. पण बँड त्याने वाजवून घेतला होता, आणि त्या आवाजात ज्यांनी पैसे घातले त्यांना खरी स्थिती ऐकू आली नव्हती.

ही गोष्ट पाऊणशे वर्षांपूर्वीची म्हणून सोडूनही देता येत नाही. अमेरिकेतीलच निकोला कंपनीने २०१८ साली आपला ट्रक रस्त्यावर धावत असल्याची चित्रफीत प्रसृत केली. तो उतारावरून घरंगळत होता हे मागाहून उघड झाले. संस्थापक २०२२ साली दोषी ठरला, २०२५ साली त्याला राष्ट्राध्यक्षांची माफी मिळाली, आणि त्याच वर्षी कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला.

नमुन्यात दोष असणे हा गुन्हा मानला तर कोणी नवे काही बांधणार नाही. कायद्याने मागावयाचे ते एवढेच, की अशा नमुन्याच्या आधारे शेअर विकताना त्यातील न सुटलेल्या दोषांची तारीखवार यादी माहितीपत्रकाला जोडावी. चाचणी घेणाऱ्या मेकॅनिकांच्या हाती अशी यादी असतेच. ती छापण्यास फारसा खर्च येणार नाही.