किल्ल्याबाहेरची माणसे

मराठी घरातले पुस्तकांचे कपाट उघडले की ऐतिहासिक कादंबरी हाताला लागतेच. १८७१ साली ‘मोचनगड’ आली, तेव्हापासूनची ही आवड आहे. रणजित देसाईंची ‘स्वामी’ (१९६२), विश्वास पाटलांची ‘पानिपत’ (१९८८) अशी पुस्तके एकेका घरात दोन-दोन पिढ्यांनी वाचली. मीही त्यांतलाच एक. पण एक प्रश्न मला सतावत राहतो. फौज पुढे निघून गेली किंवा गावातच ठाण मांडून बसली, तेव्हा गावच्या माणसांचे काय झाले?

आमच्या खानदेशापुरता हा प्रश्न पुस्तकी नाही. १८०२ मध्ये होळकरांच्या फौजेने हा मुलूख लुटला. मागोमाग १८०३चा दुष्काळ आला आणि धुळे गाव ओस पडले. पुढच्या वर्षी विंचूरकरांच्या पदरच्या बाळाजी बळवंतांनी ते पुन्हा वसवले. जानेवारी १८१८ मध्ये मंदसोरच्या तहाने होळकरांनी खानदेशावरचा हक्क सोडला. थाळनेरचा किल्लेदार मात्र अडून बसला. २७ फेब्रुवारीला हिस्लॉपच्या फौजेने किल्ला घेतला, शिबंदी कापली आणि किल्लेदाराला फाशी दिले. या फाशीवर लंडनच्या पार्लमेंटात चर्चा झाली. पण त्या दिवशी थाळनेर गावात कोणी कोणी दारे लावून घेतली, याची चर्चा कुठे झाली?

१८१९ मध्ये कॅप्टन ब्रिग्जने धुळे हे जिल्ह्याचे मुख्य ठाणे केले. देवपुरातून पांझरेचा पूल ओलांडून मी ज्या शहरात जातो, ते असे जेत्याच्या सोयीने वाढलेले शहर आहे. १८०२ मध्ये विशीत असलेल्या माणसाने हे सारे चाळिशीच्या आत पाहिले!

ना. सं. इनामदारांनी यशवंतराव होळकरांवर ‘झुंज’ आणि दुसऱ्या बाजीरावावर ‘मंत्रावेगळा’ लिहिली. काळ हाच. पण पेवातले धान्य लपवणारी बाई, यंदाचा सारा कोणाला भरायचा या विवंचनेतला पाटील, नव्या फौजेला कडबा विकून पोरांना जगवणारा कुणबी, यांच्यावर कादंबरी उभी राहायची आहे. हा कुणबी फितूर म्हणायचा की शहाणा? बखर एका शब्दात निकाल देऊन मोकळी होते. कादंबरीला तशी घाई नसते. ती त्याच्या ओसरीवर बसू शकते.

इरेन नेमिरोव्स्की या लेखिकेने जर्मनांनी व्यापलेल्या फ्रान्समध्ये राहून हेच केले. तिच्या कादंबरीत एका खेड्यातल्या घराघरांत जर्मन सैनिक राहायला येतात. नवरा शत्रूच्या कैदेत असलेल्या एका तरुण स्त्रीच्या घरी जर्मन अधिकारी उतरतो. तिने त्याच्याशी बोलावे की नाही, एवढ्यावर वाचक श्वास रोखून धरतो. लेखिका ज्यू होती. १९४२ मध्ये ती आउशवित्झच्या छळछावणीत मेली. तिचे हस्तलिखित छापले गेले २००४ मध्ये. युद्धाच्या सावलीतल्या साध्या माणसांची कादंबरी मराठीला परकी आहे असेही नाही. विश्राम बेडेकरांची ‘रणांगण’ १९३९ सालची. तिथे तर जहाजावर निर्वासितच आहेत.

मग खानदेशातल्या त्या माणसांची कादंबरी का नको? इतिहासाचार्य राजवाडे गावोगाव हिंडून घरांच्या माळ्यांवरची दप्तरे गोळा करीत. १९२६च्या अखेरीस धुळ्यातच त्यांनी देह ठेवला. त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ याच शहरात आहे. जुन्या कागदात वसूल किती, बाकी किती हे सापडते. ती बाकी फेडताना घरातले काय विकले गेले आणि तेव्हा चुलीपाशी अहिराणीत कोण काय बोलले, हे मात्र कादंबरीकारालाच ऐकू येते.

राजे-सरदारांच्या कादंबऱ्या मुलांनी जरूर वाचाव्यात. त्या वाचताना त्यांनी एवढे तरी विचारावे, की या लढाईच्या दिवसांत आपले खापरपणजोबा कुठे होते? तलवार हाती असलेले त्यांत थोडे. बहुतेकांचे पूर्वज किल्ल्याबाहेरच होते.