वाढवणला बंदर होईल, पण आगाशीची सुकेळी बोटीत चढतील का?

डहाणूजवळ वाढवणला ७६,२२० कोटींचं बंदर होतंय. ३० ऑगस्ट २०२४ ला पंतप्रधानांनी पायाभरणी केली. देशाची निर्यात वाढेल म्हणतात. (मच्छीमारांचा विरोध आहे, तो वेगळा विषय.) पण वसईच्या शेतकऱ्याला काय? इथली फुलं आजही दादरच्या बाजाराच्या भरवशावर. घोलवडच्या चिकूला २०१६ मध्ये जीआय मिळालं, २०२१ मध्ये तो ब्रिटनला गेला. पण माल नाशवंत, पिकला की दोन-चार दिवसांचा खेळ.

आगाशीची सुकेळी मात्र टिकतात. राजेळी केळी सोलून उन्हात वाळवायची, केळीच्या सुक्या पानात बांधायची. लांबच्या बोटीला असाच माल लागतो. पण राजेळीच्या वाड्यांच्या जागी इमारती उठतायत. भाव नसेल तर शेतकरी वाडी राखणार कशाला? बंदराआधी हा हिशोब मांडायला हवा.