रिमोट कोणाच्या हातात?

चळवळीतला कार्यकर्ता दिवसभर मोर्चात घोषणा देतो आणि रात्री घरी येतो तेव्हा घरातला टीव्ही काय दाखवीत असतो? सासू-सुनेची कारस्थाने, मंगळसूत्राचे माहात्म्य आणि बुवा-बाबांचे चमत्कार! भिंतीवर बावीस प्रतिज्ञा आणि पडद्यावर सत्यनारायण, हे दृश्य आपल्या वस्त्यांना नवे नाही. घरच्या बायाबापड्यांना दोष देऊन उपयोग नाही. दिवसभर राबून आलेल्या माणसाला दोन घटका करमणूक हवीच असते. त्याच्यापुढे दुसरे काही ठेवण्याची जबाबदारी आपली होती. ती आपण पार पाडली काय? म्हणून आज राजकारण थोडे बाजूला ठेवून, अलीकडे आम्ही जे पाहिले, ऐकले आणि मनापासून आवडले ते वाचकांपुढे ठेवीत आहोत.

पहिले नाव नीरज घायवान यांच्या ‘होमबाउंड’चे. २०२५ साली आलेला हा हिंदी चित्रपट भारतातर्फे ऑस्करसाठी पाठविला गेला, त्याचे कौतुक इंग्रजी वर्तमानपत्रांनी पुष्कळ केले. आम्हाला तो भावला तो वेगळ्या कारणासाठी. चंदन हा दलित तरुण आणि शोएब हा त्याचा मुसलमान मित्र. दोघांनाही पोलीस भरतीत शिरायचे आहे, कारण अंगावर वर्दी आली की लोक तुच्छतेने बोलणार नाहीत असे त्यांना वाटते. पण चंदन अर्ज भरताना आरक्षणाचा रकाना टाळतो आणि खुल्या गटातून अर्ज करतो! बाबासाहेबांनी मिळवून दिलेला हक्क घ्यायलाही पोराला लाज वाटावी, ही लाज त्याच्या मनात कोणी पेरली? शहरात भाड्याची खोली मिळावी म्हणून आडनाव सांगताना चाचरणारी आपली शिकली-सवरलेली मुले आम्हाला त्या वेळी आठवली. चंदनची आई शाळेत पोरांचे जेवण रांधायला जाते, तर तिच्या हातचे नको म्हणून सवर्ण पालक उठतात. पुढे सुरतची गिरणी, २०२० ची टाळेबंदी आणि गावाकडची परतीची वाट. त्या वाटेवर काय होते ते येथे सांगत नाही. डोळे पुसायला रुमाल मात्र जवळ ठेवा.

याच घायवान यांनी ‘मेड इन हेवन’ या मालिकेच्या २०२३ सालच्या दुसऱ्या पर्वातील एक भाग दिग्दर्शित केला आहे. राधिका आपटे यांनी रंगविलेली उच्चशिक्षित दलित वधू बौद्ध पद्धतीनेही लग्न व्हावे असा आग्रह धरते, एवढेच त्याचे कथानक. श्रीमंतांच्या लग्नांचा थाटमाट दाखविणाऱ्या मालिकेत बाबासाहेबांचे छायाचित्र आणि पांढऱ्या साडीतली वधू पाहून ऊर भरून आला, हे कबूल करतो. मात्र लेखिका यशिका दत्त यांनी आपल्या आयुष्याचा वापर श्रेय न देता झाला असे जाहीरपणे म्हटले आणि निर्मात्यांनी ते नाकारले, हेही वाचकांना ठाऊक असावे. आमच्या व्यथेवर पडदा उजळतो, पण नावे झळकतात ती कोणाची, हा प्रश्न जुनाच आहे.

‘फुले’ हा चित्रपट ११ एप्रिल २०२५ ला, म्हणजे ज्योतिबांच्या जयंतीदिनी यायचा होता. ब्राह्मण संघटनांनी हरकत घेतली, सेन्सॉर बोर्डाने ‘महार’, ‘मांग’, ‘पेशवाई’ असे शब्द काढायला लावले, आणि तो २५ एप्रिलला आला. पेशवाई वगळून ज्योतिबा सांगायचे तरी कसे? चित्रपट म्हणून तो काहीसा पाठ्यपुस्तकी झाला आहे, हे आमचे प्रामाणिक मत. तरी मुलांना दाखवा, आणि काढलेले शब्द घरी तुम्ही सांगा.

आता गाणी. जयंतीला डीजेच्या भिंतीपुढे कान फुटेस्तोवर नाचणाऱ्या पोरांना कडूबाई खरात यांची गाणी ऐकवा. हातात एकतारी आणि पहाडी आवाज, याखेरीज बाईंपाशी काही नव्हते. मोबाईलवरून त्यांचे गाणे घरोघर पोहोचले. १५ मे २००४ ला वामनदादा गेले तेव्हा आता भीमगीत संपले असे म्हणणारे होते; त्यांनी हा आवाज जरूर ऐकावा. तिकडे चेन्नईत दिग्दर्शक पा. रंजित यांच्या पुढाकाराने उभा राहिलेला ‘द कास्टलेस कलेक्टिव्ह’ हा गायकांचा ताफा वस्तीतला गाना आणि रॅप एकत्र करून जातीवर गातो. तामिळ आपल्याला कळत नाही, पण ताल कळतो. आमच्या घरातली तरुण पोरे तर त्यावर फिदा आहेत.

जाता जाता एक जुना चित्रपट. आनंद पटवर्धन यांचा ‘जय भीम कॉम्रेड’ २०११ चा. ११ जुलै १९९७ ला घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात पोलिसांच्या गोळीबारात दहा जण गेले. त्यानंतर चारच दिवसांनी शाहीर विलास घोगरे यांनी डोक्याला निळी पट्टी बांधून गळफास घेतला. तिथून हा चित्रपट सुरू होतो आणि तो पुरा व्हायला चौदा वर्षे लागली. आज विशीत असलेल्या पोरांपैकी अनेकांनी तो पाहिलेला नाही, असे आमच्या ध्यानात आले आहे. विहारात एक पांढरी चादर आणि भाड्याचा प्रोजेक्टर एवढ्यावर काम भागते. चांगलाच लांब आहे, तेव्हा रविवारच्या वंदनेनंतर लगेच लावा, आणि मध्ये चहाची सोय ठेवा.